साठपट दाब

तापीपुरात उन्हाळ्याच्या दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसायचं. सकाळचा भोंगा झाला की शटरं खाली यायची आणि सगळं शहर गारवाघरांत जाऊन बसायचं. गारवाघर म्हणजे जाड भिंतींचं, यंत्रांनी थंड ठेवलेलं सार्वजनिक दालन. बाहेरची हवा इतकी तापलेली आणि दमट असे की अंगावरचा घाम सुकत नसे. घाम सुकला नाही की शरीर निवत नाही, आणि मग धडधाकट माणूसही संध्याकाळ पाहत नाही. अशी तीस गारवाघरं होती, आणि त्या सगळ्यांना वीज देणारा एकच दाबझोत.

दाबझोत हे हायड्रोजनवर चालणारं टर्बाइन. हवा प्रचंड दाबाने आत कोंबायची, तिच्यात हायड्रोजन जाळायचा आणि त्या झोताने पाती फिरवायची. धूर नाही, काजळी नाही. चिमणीतून निघते ती पाण्याची वाफ, असं शाळेत शिकवत.

त्यामुळे दाबझोताच्या प्रमुख ज्वालातज्ज्ञ डॉ. रुक्साना तडवी समोर बसून म्हणाल्या, "फेगडेभाऊ, मुलं आपल्या चिमणीमुळे खोकताहेत," तेव्हा नगराध्यक्ष लीलाधर फेगडे हसलेच.

"ताई, चिमणी तर आरशासारखी आहे. धूर कुठंय?"

"धूर इंधनातून येतो. हे विष हवेतून येतंय."

फेगड्यांचा पूर्वी केळीचा मोठा व्यापार होता. न समजलेलं समजलं म्हणण्याची त्यांना सवय नव्हती. "नीट सांगा," ते म्हणाले.

"आपण श्वासात घेतो त्या हवेत मुख्यतः नायट्रोजन असतो. एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण ज्वाला अतिशय तापली, की तो ऑक्सिजनशी जुळतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. उन्हात त्यांच्यापासून घसा आणि फुप्फुसं पोळणारे वायू बनतात. सायकलीत हवा भरताना पंप गरम होतो ना? तसंच इथं. दाब जितका जास्त, तितकी हवा जळण्याआधीच तापलेली. मग ज्वाला आणखी तापते आणि विष झपाट्यानं वाढतं. मागच्या वर्षी गारवाघरं वाढली, वीज पुरेना, म्हणून आपण दाब बाहेरच्या हवेच्या चाळीसपटीवरून साठपटीवर नेला. खोकला तेव्हापासूनचा आहे."

"चिमणीत गाळणी आहे की."

"चाळीसपटीसाठी बांधलेली. नवी बसवायला तीन वर्षं लागतील."

फेगडे खिडकीबाहेर बघत राहिले. आकाश निळंशार होतं. क्षितिजापाशी मात्र जुन्या पितळेसारखी एक कड दिसत होती. तिच्याकडे त्यांचं आजवर लक्ष गेलं नव्हतं.

"केळी पिकवायला आम्ही बंद खोलीत गॅस सोडायचो, तोही दिसायचा नाही," ते हळूच म्हणाले. "तसंच झालं म्हणायचं. दाब कमी करा."

"वीज कमी होईल. दहा गारवाघरं बंद ठेवावी लागतील."

"पाळ्या लावू. मुलांना रोज आत घेऊ. मोठ्यांनी आळीपाळीनं घरी थांबायचं, ओल्या चादरी बांधून."

पहिले काही दिवस बरे गेले. गारवाघरांतला खोकला खरंच कमी झाला. रुक्साना मुलांच्या दालनात जाऊन कान देऊन ऐकायच्या आणि समाधानानं परतायच्या. मग वारा पडला. चादरी ओल्याच राहिल्या आणि तरी खोल्या तापत गेल्या. त्या दुपारी ज्यांची पाळी नव्हती, त्यांच्यातली म्हातारी माणसं घरोघरी दगावली. कुणी माठाला टेकून बसल्या जागी, कुणी मोरीत पाण्याचा नळ सोडून. फेगड्यांचे थोरले भाऊ त्यांत होते. पाळी त्यांनी स्वतःहून दुसऱ्याला दिली होती.

ऊन उतरल्यावर लोक दाबझोताच्या फाटकाशी जमले. रुक्साना बाहेर आल्या. त्यांनी काहीही लपवलं नाही. दाब वाढवला तर मुलांची फुप्फुसं कायमची आखडतील, काही जण तिशीही गाठणार नाहीत, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मंदा बेंडाळे पुढे आली. तिची सासू त्या दुपारी गेली होती. तिचा मुलगा मुलांच्या दालनातला सर्वांत जास्त खोकणारा.

"ताई, तो तिशीला मरेल म्हणता. म्हणजे तोवर तरी जगेल ना?"

"कदाचित."

"मग वाढवा दाब. आज दारात प्रेत आहे. त्याच्या तिशीची काळजी मी आज कुठून आणू?"

गर्दीतून कुणीच तिला अडवलं नाही. रुक्सानांनी फेगड्यांकडे पाहिलं. त्यांच्या खांद्यावर अजून ओला पंचा होता. भावाला अग्नी देऊन ते नदीवरून थेट आले होते.

"वाढवा," ते म्हणाले.

दाब साठपटीवर गेला. तीसही गारवाघरं उघडली. त्यानंतर त्या उन्हाळ्यात उष्णतेनं एकही माणूस दगावला नाही, आणि फाटकावर लोकांनी झेंडूचं तोरण बांधलं. रुक्साना राजीनामा लिहून बसल्या होत्या. पण ज्वाला सांभाळणारं दुसरं कुणी शहरात नव्हतं. त्या राहिल्या.

पुढच्या वर्षी ती पितळी कड क्षितिज सोडून वर सरकली. आता सूर्य मावळल्यावरही बाहेर घसा जळायचा. लोक संध्याकाळी घरी जाईनात, गारवाघरांतच झोपू लागले. बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून झरोके बुजवले आणि आतलीच हवा शुद्ध करून फिरवणारी यंत्रं प्रत्येक दालनात बसवली. ती चोवीस तास चालायची. दिवे मिणमिणू लागले.

एका सकाळी भोंग्याआधी फेगडे नियंत्रणकक्षात आले. मधल्या काळात ते फार वाकले होते. रुक्सानांच्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि दम लागेपर्यंत खोकले.

"शुद्धियंत्रांना वीज पुरत नाही, ताई," ते म्हणाले. "हवा साफ ठेवायची तर आणखी वीज हवी. लोक बाहेर उभे आहेत, मंदाबाई पुढे आहे. दाब आणखी वाढवता येईल का?"

रुक्सानांनी काचेच्या झरोक्यातून आतल्या ज्वालेकडे पाहिलं. ती स्थिर होती. हायड्रोजनची ज्वाला जवळपास दिसतच नाही.

"ऐंशीपटीपर्यंत नेता येईल," त्या म्हणाल्या.

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर तुम्ही पुन्हा याल, भाऊ."

फेगडे उठले. त्यांनी काचेच्या दाराकडे पाहिलं, बाहेरच्या लोकांना हातानं होकार दिला, आणि काचेपलीकडे टाळ्या वाजायला लागल्या.