दोन बोटं कमी

हॉटेल निवडायचं, एवढंच काम होतं. जानेवारीतला रविवार, टोलीडोत गुडघाभर बर्फ, आणि लोरेन स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. शेजारी सात वर्षांची हॅटी. नवरा, डेल, शेगडीपाशी पॅनकेक उलटत होता. एप्रिलमध्ये तिघांनी फ्लोरिडातल्या मोठ्या थीम पार्कला जायचं, असं बऱ्याच नाही-होयनंतर ठरलं होतं.

"पार्कच्या बाहेरचं घेऊ," डेल म्हणाला. "पाठ टेकायलाच तर जायचंय तिथे."

"आणि सकाळी बसची वाट कोण बघत बसणार? तू?"

"मला हे," हॅटीने पडद्यावर बोट ठेवलं. लाकडी ओंडक्यांचं हॉटेल, दारात लाकडी अस्वल. खोलीत मोठ्या पलंगाशेजारी मुलांसाठी एकावर एक असे दोन छोटे पलंग.

"तू एकटी. दोन पलंग कशाला गं तुला?"

"वरचा थिओचा. मला वर भीती वाटते."

तव्यावरचा पॅनकेक करपला, पण डेलने तो उलटला नाही.

थिओ हॅटीचा मोठा भाऊ. दोन वर्षांपूर्वी हीच सहल ठरत होती, याच टेबलावर. डोंगराच्या पोटातून सुसाट सुटणाऱ्या तिथल्या सगळ्यात मोठ्या रोलर कोस्टरच्या गाडीत बसायला चार फूट उंची लागते. थिओ दोन बोटं कमी भरला. लोरेनच म्हणाली होती, "इतक्या लांब जायचं आणि खाली उभं राहून बघायचं? पुढच्या वर्षी जाऊ, राजा. तोवर वाढशील." बिचारी शहाणपणाचंच बोलली. तिच्या ओळखीतल्या सगळ्या आया असंच करतात. मार्चमध्ये पोराला ताप आला, साधाच वाटला, आणि तिसऱ्या दिवशी पोर गेलं. पुढचं वर्ष सगळ्यांचं आलं, त्याचं आलं नाही. आपलं ते एक वाक्य लोरेन अजून मनात उगाळत होती.

कोठीच्या दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या रेघा होत्या. डेल डोक्यावर पुस्तक ठेवायचा आणि सुतारकामाच्या जाड पेन्सिलीने रेघ मारायचा. त्या जानेवारीतल्या रविवारी दुपारी पीठ काढायला गेलेल्या लोरेनला थिओच्या शेवटच्या रेघेवर आणखी एक दिसली. अर्धं बोट वर.

तिला वाटलं, डेलच. बाप माणूस, रडत नाही, मग असं काहीतरी करत असेल. ती गप्प राहिली. पंधरा दिवसांनी दुसरी दिसली, मग तिसरी. चौकटीपाशी हल्ली ओल्या लोकरी मोज्यांचा वास यायचा, बर्फात खेळून आलेल्या पोरांना येतो तसा. लोरेन तिथे उगाचच उभी राहायची.

चौथी रेघ दिसली तेव्हा तिला राहवलं नाही. "डेल, पुरे कर रे आता. मला बघवत नाही."

डेल चौकटीपाशी आला. "मला वाटलं, तू मारतेस. म्हणून मी बोललो नाही."

"पेन्सिल तुझ्या पेटीत असते."

"पेटीला कुलूप आहे, लोरेन… आणि किल्ली माझ्या खिशात."

त्याने टेप आणून मापलं. बरोब्बर चार फूट.

त्याच दिवशी लोरेनने ओंडक्यांचं हॉटेल पक्कं केलं, दोन छोट्या पलंगांच्या खोलीसकट. 'मुलं किती?' या चौकोनात तिने 'एक' लिहिलं. लिहिताना तिला पोराला दाराबाहेर उभं केल्यासारखं वाटलं.

एप्रिलमध्ये ते पोचले. लाकडी अस्वलाच्या पोटावर चार फुटांवर लाल पट्टा रंगवला होता. तिथवर भरलेल्या मुलाला हॉटेलातच मनगटावर लाल कागदी पट्टी मिळायची, म्हणजे पार्कात परत मापायला नको. पट्टी एकदा चिकटवली की कापल्याशिवाय निघत नसे. तिथल्या हसऱ्या मुलीने हॅटीला उभं केलं.

"अरेरे, दोन बोटं कमी पडली गं राणी. पुढच्या वर्षी ये हं."

तेवढ्यात त्या मुलीने एक लाल पट्टी फाडली आणि हॅटीच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे वाकली.

"भाऊ मात्र बरोब्बर चार फूट. हात पुढे कर बरं." मग इकडेतिकडे बघितलं. "अगंबाई, आत्ता इथे होता ना? लाजाळू दिसतोय." तिने पट्टी हॅटीच्या हातात दिली. "दे त्याला."

"आम्हाला एकच…" डेल म्हणू लागला. लोरेनने त्याचा दंड दाबला. तिला भीती वाटली, खोटं कशाला सांगायचं. पण भीतीहून जास्त त्या परक्या पोरीचा हेवा वाटला. तिला तो दिसला, आणि जन्म देणारीला नाही.

संध्याकाळी लोरेनने ती पट्टी वरच्या पलंगावर उशीशी ठेवली, उघडी. पांघरूणही सारखं केलं.

सकाळी ती उठली तेव्हा खिडकीतून ऊन आलं होतं. वरच्या पलंगावर पांघरूण विस्कटलेलं होतं, मध्ये लाल पट्टी पडली होती. चिकटलेली, बंद, कुठेही न कापलेली. आतून एक लहान मनगटच जाईल एवढी. लोरेनने ती गालाला लावली आणि दोन वर्षांत रडली नव्हती तशी रडली. तिला वाटलं, झालं, त्याचं राहिलेलं झालं.

खालच्या पलंगावर हॅटी पाय हलवत बसली होती.

"तो गाडीत बसला का गं?" लोरेनने हळूच विचारलं. "आता… जाईल ना तो?"

"नाही बसला. एकट्याने मजा येत नाही म्हणाला." हॅटीने मोजा चढवला. "मी चार फुटांची झाले की मला घेऊन जाणार आहे. तोवर थांबतो म्हणाला."

लोरेनने पोरीच्या डोक्यावर तळवा ठेवला. डेल नाश्त्याला चला म्हणाला, मग पुन्हा एकदा म्हणाला. तिने हात काढला नाही, तसाच दाबून धरला.