आतली शिवण

बटण उडालं ते बंदुकीतून सुटल्यासारखं.

दवाखान्याच्या त्या एवढ्याशा खोलीत तेव्हा दोघंच होते. स्टुलावर अख्ख्या गल्लीचे शिंपी, म्हणजे मास्तर, बाही वर करून बसलेले. समोर नर्सबाई, त्यांच्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा गुंडाळत होत्या. पट्टा काही पुरेना. एकदा गुंडाळला, चर्रर्र करून सुटला. पुन्हा गुंडाळला, पुन्हा चर्रर्र. "दंड आहे की उशी?" असं पुटपुटत बाई खालच्या खणातला मोठा पट्टा काढायला वाकल्या मात्र, त्यांच्या पांढऱ्या कोटाचं पोटावरचं बटण सुटलं, मास्तरांच्या चष्म्यावर टण्णकन आपटलं, तिथून औषधांच्या कपाटावर गेलं आणि कापसाच्या डब्यात जाऊन शांत झालं. जाता जाता त्यानं छताच्या पंख्यालाही एक फेरा दिला, असं मास्तर पुढं सांगत. पण पंख्याचं सोडून द्या.

बाईंनी दोन्ही हातांनी पोट झाकलं. चेहरा लाल.

"बटणाचा दोष नाही हं," मास्तर चष्मा पुसत म्हणाले.

"मग कुणाचा?"

"काजाचा. काज जरा... ढिलं असेल."

"काज ढिलं असतं तर बटण निसटलं असतं, मास्तर. उडालं नसतं."

मास्तरांनी कॉलरच्या मागे खोचलेली दोरा ओवलेली सुई काढली आणि हात पुढं केला. बाईंनी कोट काढून दिला. मास्तरांनी बटण लावलं, चार वेढे दिले, दातानं दोरा तोडला. मग बाईंनी त्यांच्या दंडाला मोठा पट्टा बांधून आकडा बघितला आणि भुवया उंचावल्या.

"उद्यापासून चालायचं. रोज. उजाडायच्या आत, तलावाभोवती. डॉक्टर आत हेच सांगणार आहेत, मी बाहेरच सांगितलं."

"एकट्याला कंटाळा येतो हो."

"मग सोबत बघा कुणाची तरी."

मास्तरांची नजर नुकत्याच लावलेल्या बटणावर गेली आणि चोरासारखी परत आली.

"बघितलं मी ते," बाई म्हणाल्या.

"मी काही सुचवलं नाही..."

"सुचवलंत." बाईंनी कोट चढवला, बटण लावलं, ते टिकतंय ना ते बघायला एक खोल श्वास घेतला. टिकलं. मग जरा हसल्या. "तलावाच्या कोपऱ्यावर बाक आहे. उशीर केलात तर मी थांबणार नाही."

दुसऱ्या दिवशी मास्तर इतक्या लवकर पोचले की बाकावर झोपलेलं कुत्रंसुद्धा त्यांच्याकडे रागानं बघू लागलं.

सुरुवातीचे दिवस बोलण्याचे नव्हतेच, धापा टाकण्याचे होते. एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत जायचं आणि तिथं एखादा गड सर केल्यासारखं बसायचं. पळणारी तरुण मंडळी शेजारून वाऱ्यासारखी जायची, परत यायची, पुन्हा जायची. हे दोघं अजून तिथंच. पाण्यावर धुकं तरंगत असायचं. रस्त्यावरचे दिवे एकेक करून विझायचे. आणि मग, हळूहळू, श्वास पुरायला लागला तशी वाक्यंही लांब झाली.

बाईंचा संसार एकदा मांडून झाला होता, मोडूनही झाला होता. मुलगा दूर नोकरीला. मास्तरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, आक्का, जी दुकानात खिडकीशी बसून काजं करायची आणि एकेका काजागणिक एकेक टोमणा मारायची.

"चालून येतोस की नाचून?" आक्का विचारायची. "चेहऱ्यावर घाम कमी आणि तेज जास्त दिसतंय."

"रक्तदाब उतरलाय, आक्का."

"हो, पण चढलंय काहीतरी दुसरंच."

एका शनिवारी बाई दुकानात आल्या त्या कागदात गुंडाळलेला एक निळा ड्रेस घेऊन. गडद निळा, बाजूनं हुकं असलेला, जुनी पण नेटकी शिवण.

"आईनं शिवला होता," त्या म्हणाल्या. "माझी पहिली नोकरी लागली तेव्हा. घातला की सरळ उभी राहायचे मी, माहितीये? वॉर्डात मोठे डॉक्टर ओरडले तरी पाय लटपटायचे नाहीत. मग बाळंतपण, रात्रपाळ्या, उभ्या उभ्या खाल्लेले बिस्किटांचे पुडे... आणि एक दिवस हा खांद्याखाली उतरेना. कुठं जायचंय म्हणून नकोय मला. मला तीच बाई परत भेटायचीय, एकदा तरी."

"मग घेऊन जा घरी, रोज घालून बघा."

"नको. रोज रडेन आणि रडले की खाईन. तुमच्याकडं ठेवा. दर शनिवारी येईन, पडद्यामागं घालून बघेन. आणि एक सांगते, ज्या दिवशी याची हुकं लागतील ना, त्या दिवसापासून पहाटे उठणं बंद! आयुष्यभर ड्युटीसाठी उठलेय. मग मी भरपूर झोपणार आहे."

हे त्या हसत म्हणाल्या. मास्तरही हसले. पण पोटात कुठंतरी टाचणी टोचली, आणि टाचणी कुठं टोचली ते शिंप्याला बरोबर कळतं.

पहिल्या शनिवारी ड्रेस खांद्यावर अडला. पुढं तो खांदे उतरला, मग छातीशी थांबला, मग कमरेपर्यंत आला. पडद्यामागून दर वेळी बातमी यायची: "उतरला हो, मास्तर, उतरला!" आणि मास्तर कात्री हातात धरून नुसतेच उभे. इकडं त्यांचंही पोट ओसरत होतं, पण ते त्यांच्या ध्यानात नव्हतं. ध्यान सगळं हुकांकडे. आणि एका शनिवारी बाई पडदा सारून बाहेर आल्या तेव्हा हुकांत जेमतेम बोटभर अंतर उरलं होतं.

"पुढच्या शनिवारी!" बाई म्हणाल्या. आरशात वळून वळून बघत होत्या. गालावर रंग होता, आणि खरोखरच त्या जरा सरळ उभ्या होत्या.

त्या गेल्यावर मास्तर कितीतरी वेळ ड्रेसकडे बघत बसले. मग त्यांनी तो उलटा केला, मशीनखाली धरला आणि दोन्ही बाजूंनी एकेक सूत आत शिवण मारली. सूत म्हणजे किती? टेपेवरच्या बारीक रेघेएवढं. कुणाला कळणार होतं?

"कुंपणच शेत खायला लागलं म्हणायचं," आक्का काजावरून नजर न काढता म्हणाली.

"एकच आठवडा, आक्का. तेवढाच."

"चोरी करणारा प्रत्येक जण हेच म्हणतो."

आणि आक्काचं म्हणणं खरं ठरलं. आठवड्याभरात बाई सूतभर उतरल्या. ड्रेस सूतभर आवळला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मास्तरांना दर शनिवारी वाटायचं, आता बास. आणि दर रविवारी पहाटे, धुक्यातून पांढरे बूट घालून त्या येताना दिसल्या की वाटायचं... अजून एक आठवडा. एक सूत म्हणजे काय मोठंसं!

बाईंनी साखर सोडली. तळलेलं सोडलं. तलावाला एकाऐवजी दोन फेऱ्या सुरू केल्या. पण बोलणं कमी होत गेलं. थट्टा केली तरी उशिरा हसायच्या. आरशासमोर वळणं तर केव्हाच थांबलं होतं.

मग तो शनिवार आला. बाई पडद्यामागून बाहेर आल्या तेव्हा त्या आपल्या रोजच्या कपड्यांत होत्या, निळा ड्रेस घडी घालून हातात.

"राहू दे, मास्तर. नाही येत मी उद्यापासून."

"अहो पण... आणखी थोडंच..."

"तेच थोडं किती आठवडे ऐकतेय. पेशंटला मी सांगते, धीर धरा, शरीर साथ देतं. माझंच देत नाहीये. काल रात्री आरशासमोर उभी राहून मी त्याला काय काय बोलले ते तुम्हाला सांगू नये." त्यांनी ड्रेस टेबलावर ठेवला. "वय झालं म्हणायचं, आणि काय. टाकून द्या हा. नाहीतर फाडून मशीन पुसायला घ्या."

त्या पायऱ्या उतरून गेल्या. खांदे पडलेले. मास्तरांनी पहिल्यांदाच पाहिलं की त्यांनी एक सूत नाही, एक माणूस आवळला होता. ज्या पहाटा राखायला चोरी केली, त्या पहाटाच गेल्या.

आक्का एकही टोमणा मारायला गेली नाही. त्यामुळे जास्तच लागलं.

मास्तरांनी दार लोटून घेतलं आणि आपला एकेक टाका उसवला. मग ड्रेसला इस्त्री केली आणि तडक दवाखाना गाठला. मनात ठरवलं होतं, एवढंच म्हणायचं: शेवटचं एकदा घालून बघा. बाकी देवाच्या हातात. म्हणजे कबुली द्यायचं धाडस तेव्हाही नव्हतंच. खोटं एकदा अंगावर शिवलं की सहजासहजी उतरत नाही.

"कशाला आलात?" बाई म्हणाल्या.

"एकदाच. माझ्यासाठी."

त्या मलमपट्टीच्या खोलीत गेल्या. दार लागलं. मग आतून एक आवाज आला, हुंदका की हसू ते कळेना. दार उघडलं. निळा ड्रेस अंगावर होता, सगळी हुकं लागलेली, आणि वर कमरेपाशी चिमूटभर ढिला.

"मास्तर! झालं! अहो, ढिला होतोय..."

त्या स्वतःभोवती फिरल्या. आणि फिरता फिरता थांबल्या. दोन हुकं सोडून, पट्टी उलटी करून त्यांनी आतली शिवण जखमा बघायच्या दिव्याखाली धरली.

"मी रोज टाके काढते," त्या हळूच म्हणाल्या. "टाके काढलेली जागा मला दिसते. इथं एक रांग. इथं दुसरी. ही तिसरी... कापड अजून दुखतंय."

मास्तरांनी मान खाली घातली. "हुकं लागली असती तर तुम्ही झोपला असतात. आणि मी त्या बाकावर... म्हणून."

"म्हणून?"

"म्हणून दर आठवड्याला एक सूत."

"मला सांगता आलं नाही? तोंड नव्हतं?"

"होतं. धीर नव्हता."

"मी माझ्या शरीराला शिव्या घातल्या, मास्तर. ते बिचारं इमानानं उतरत होतं आणि मी त्याला..." त्यांनी दिवा आणखी जवळ ओढला. "आणि माझ्या आईच्या शिवणीला हात लावलात?"

"नाही!" मास्तर एकदम वर बघत म्हणाले. "तेवढं नाही. नीट बघा. माझ्या रांगा सगळ्या आतल्या बाजूला आहेत. तुमच्या आईचा टाका जसाच्या तसा आहे. तो उसवायला माझी सुई धजली नाही. अशी शिवण आता कोण घालतं?"

बाईंनी पाहिलं. खरंच होतं. सगळ्या भोकांच्या पलीकडे ती बारीक, सरळ, न हललेली शिवण. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"जा तुम्ही," त्या म्हणाल्या. पण दार आपटलं नाही.

मास्तर रोज पहाटे तलावावर जात राहिले. का, ते विचारू नका. कोपऱ्यावरच्या बाकापाशी जरा थांबायचे, कुत्र्याला नमस्कार करायचे आणि एकटेच फेरी मारायचे. आता पँट कमरेवरून घसरायची, एका हातानं धरून चालावं लागायचं. गावाचे कपडे मापाचे करणारा माणूस, स्वतःचीच पँट बारीक करायला त्याचं मन होईना.

"दोऱ्यानं तरी बांध," आक्का म्हणायची. "एक दिवस तलावाला तुझं सगळं गुपित कळेल."

अशीच एक पहाट. बारीक भुरभुर होती, दिव्यांभोवती पाणी धुरासारखं उडत होतं. मास्तर बाकापाशी आले आणि थबकले. बाकावर निळा ड्रेस बसला होता. खाली पांढरे चालायचे बूट.

"उशीर केलात," बाई म्हणाल्या.

"तुम्ही... हुकं लागली की झोपणार होतात ना?"

"झोपायला गेले. पण उजाडायच्या आत डोळे उघडतात. कुणीतरी सवय लावून ठेवलीय." त्या उठल्या. ड्रेसमध्ये खरोखरच ताठ उभ्या होत्या. "माफ केलं नाहीये हं अजून. करेन, पण सावकाश. दर आठवड्याला एक सूत."

मास्तरांना हसावं की रडावं ते कळेना.

"आणि एक अट आहे. यापुढं काही सांगायचं असेल तर तोंडानं सांगायचं. कापडानं नाही."

"आत्ता सांगू?"

"आधी पँट सोडा... म्हणजे हात सोडा, हात! काय तो अवतार!" त्यांनी पर्समधून मोठी सेफ्टीपिन काढली, जवळ आल्या, मास्तरांच्या कमरेपाशी कापडाची चुणी घेतली आणि ज्या सफाईनं बँडेज बांधत तितक्याच सफाईनं पिन खोचली. केसांना पावसाचा वास येत होता. मास्तर श्वास रोखून उभे. पिन लावून झाली तरी बाई मागं सरकल्या नाहीत. त्यांनी मास्तरांचं मनगट हातात घेतलं, नाडीवर बोटं ठेवली आणि मोजू लागल्या. कपाळाला आठी पडली.

"एवढी धावतेय? किती फेऱ्या मारल्यात?"

"अजून एकही नाही," मास्तर म्हणाले. "मी आत्ताच येतोय."

नाडी मोजून झाली होती, तरी बाईंनी मनगट काही सोडलं नाही. तशाच वळल्या आणि चालायला लागल्या.