पॅनेलमधली टकटक

लिफ्ट बंद पडली की दहापैकी आठ वेळा दोष दाराच्या खाचेत सापडतो. खडा, टाचणी, पेनाचं टोपण, असं काहीतरी खाचेत बसतं, दार केसभर उघडं राहतं आणि कुठल्याही एका मजल्याचं दार असं उघडं असलं की लिफ्ट असेल तिथे थांबते. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी शिकवतात. हा तर तीस वर्षं या धंद्यात मुरलेला. लिफ्टच्या विजेच्या पॅनेलला कान लावून तो रोग सांगायचा, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणत, आणि ते नाव हळूहळू त्याच्या डोक्यात गेलं होतं. एवढ्या मोठ्या डॉक्टरनं गुडघ्यावर बसून जुन्या टूथब्रशनं खाचा घासायच्या म्हणजे अगदीच झालं, असं त्याला वाटू लागलं होतं.

त्याच डोक्यानं आठ महिन्यांपूर्वी घात केला. एका पाच मजली इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये थांबली होती. दारातच रखवालदार म्हणाला, "आधी आत कोणी आहे का बघू या, साहेब. मी हाका मारल्या, पण ही दारं जाड."

"मला माझं काम शिकवू नका," डॉक्टर म्हणाला आणि तडक गच्चीवरच्या मशीनखोलीत चढला. पॅनेलमधून बारीक टकटक येत होती. रिले, म्हणजे पॅनेलमधला विजेचा खटका, धड चिकटत नसला की असाच आवाज येतो. त्यानं एक रिले बदलला, मग दुसरा, मग तिसरा. चाळीस मिनिटांनी खालून रखवालदाराची आरोळी आली. तळमजल्याच्या खाचेत अडकलेलं शर्टाचं बटण त्यानं झाडूच्या काडीनं काढलं होतं. लिफ्ट चौथ्या मजल्यावर आली. आत चौथ्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर होते. दमेकरी माणूस. भिंतीला टेकून बसले होते आणि गेलेले होते. त्यांच्या उजव्या हाताची अंगठी चेपली होती आणि भिंतीच्या पत्र्यावर त्यांच्या हातापाशी रंगाचे टवके उडाले होते.

ती अंगठी बघताच डॉक्टरला सगळं कळलं. मशीनखोलीच्या जमिनीत लिफ्टचे दोर सोडायला भोक असतं. आवाज पॅनेलमधून येत नव्हता, त्या भोकातून येत होता.

हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही. चौकशीत विचारलं, काही ऐकू आलं का? तो म्हणाला, नाही. आत माणूस आहे हे माहीत नव्हतं का? तो म्हणाला, लिफ्ट रिकामी आहे असं रखवालदारानंच सांगितलं. रखवालदारानं जीव तोडून खरं सांगितलं, पण डॉक्टरच्या शब्दापुढे त्याचं कोण ऐकतो! त्याची नोकरी गेली. बाजारात एकदा तो पाठीवर पोती वाहताना दिसला, तेव्हा डॉक्टर रस्ता ओलांडून पलीकडे गेला. त्या दिवसापासून डॉक्टरला आरशात बघून दाढी करवत नसे.

आणि आज त्याच इमारतीतून बोलावणं आलं. दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणून त्यानं ऑफिसात हातापाया पडून बघितलं. बाकी सगळे कामावर होते. भर दुपारी, पिशवी खांद्याला लावून तो तिथे पोचला. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्येच थांबली होती.

या खेपेला त्यानं काही म्हणजे काही सोडलं नाही. वीज बघितली. मग तळमजल्यापासून प्रत्येक दारापाशी गुडघे टेकून खाच घासली, फुंकली, बोट फिरवून बघितली. दारं घट्ट लागलेली. चौथ्या मजल्यावर तो वाकलेला असताना समोरच्या घराचं दार उघडलं. पोस्टमास्तरांची बायको उभी होती. हातात निवडायची भाजी होती.

"आत कोणी नाही," बाई म्हणाल्या. "मघाशी मीच रिकामी लिफ्ट खाली पाठवली. मध्येच थांबली."

त्यानं मान हलवली, वर बघितलं नाही.

"त्या दिवशी तुम्ही वाकून बघितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. त्या रागावून बोलल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

मशीनखोलीत गरम तेलाचा वास होता. त्यानं पॅनेल उघडलं. टक. टकटक. टक. रिले सगळे नवे होते, त्यानंच बसवलेले. त्यानं मुख्य स्विच पाडला. पंखा थांबला, दिवे गेले, खिडकीतून येणारं ऊन तेवढं राहिलं.

टक. टकटक. टक.

स्वतःला समजावत तो म्हणाला, उंदीर असेल, पत्रा तापला असेल. साधी कारणं आधी. मग तो दोरांच्या भोकाशी पालथा झाला आणि आठ महिन्यांपूर्वी जे विचारायला हवं होतं ते त्यानं विचारलं.

"आत कोणी आहे का?"

टकटक थांबली.

आता लिफ्ट हातानं वर घेण्यावाचून इलाज नव्हता. रिकामी लिफ्ट हलकी असते. ब्रेक सोडला की दोराच्या दुसऱ्या टोकाला बांधलेल्या वजनानं ती आपणहून वर सरकते. त्यानं ब्रेक सोडला. मशीनचं चाक जागचं हललं नाही. दोन्ही हातांनी जोर लावून त्याला ते फिरवावं लागलं, आत भार असला की फिरवावं लागतं तसं, एकेक वीत. दोरावरची चौथ्या मजल्याची खूण समोर येईपर्यंत त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

तो जिना उतरून खाली आला. बाई दारापाशीच होत्या. त्यानं खिशातून लिफ्टच्या दाराची किल्ली काढली, पण ती लावायला हात धजेना.

"मी खोटं बोललो," तो म्हणाला. "रखवालदार काही म्हणाला नव्हता तसं. उलट तोच म्हणाला होता, आत बघू या. आणि मला ऐकू येत होतं. ते आतून ठोकत होते. मला वाटलं, रिले बिघडलाय."

बाईंच्या हातातली जुडी खाली पडली.

"किती वेळ ठोकत होते?"

"अर्धा तास."

"तुम्ही तर चाळीस मिनिटं वर होतात."

यापुढचं तो स्वतःशीही कधी बोलला नव्हता.

"शेवटची दहा मिनिटं आवाज बंद होता," तो म्हणाला. "मला वाटलं, मी दुरुस्त केला. मी खूश झालो. पॅनेलसमोर बसून डब्यातलं सफरचंद खाल्लं."

बाईंनी भिंतीचा आधार घेतला. "हे रखवालदाराला जाऊन सांगा," त्या म्हणाल्या. "आजच. आणि तिथे ऑफिसातही. लिहून द्या."

"देतो."

"आता उघडा."

त्यानं किल्ली फिरवली. दार सरकलं.

लिफ्ट रिकामी होती.

त्यानं सुटकेचा श्वास सोडला. जमीन कोरडी, भिंती स्वच्छ, भिंतीच्या पत्र्याला नवा रंग. बाई मात्र आत बघत होत्या, खाली, कोपऱ्याकडे. तोही वाकला.

बसलेल्या माणसाचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर, पत्र्यावर तळहाताएवढी वाफ धरली होती. ती आटत आटत रुपयाएवढी झाली. मग पुन्हा पसरली.