काचेला हात लावायचा नाही

मिस्त्रीच्या गॅरेजात नियम एकच होता आणि तो मोडणाऱ्याला मिस्त्री दारात उभं करत नसे. हॅलोजन बल्बच्या काचेला उघडा हात लावायचा नाही, कोऱ्या फडक्यानेच धरायचा. बोटाचं तेल लागलं की तेवढीच जागा जास्त तापते आणि एक दिवस भर रस्त्यात काच फुटते. हे तो इतक्यांदा सांगायचा की गिऱ्हाइकं पाठीमागे हसायची. हसेनात का. हा नियम त्याला कितीला पडला, ते त्यांना कुठे माहीत होतं?

धाकटा भाऊ गेल्यावर सहा वर्षांनी त्याची मोटरसायकल मिस्त्रीच्या दारात आली. भर दुपारी पुतणी ती घेऊन आली होती. तिला इस्पितळात नोकरी लागली होती. पाळी रात्री दहाला सुटायची.

"इंजिन सुरू होतं, काका. पुढचा दिवा नाही आणि मीटर अंधारात. बल्ब तेवढे बदलून दे."

"दुसरी गाडी घेऊन देतो तुला."

"बाबांचीच हवीय. मला टाकीवर बसवून चालवायचे ना, तेव्हा मीटरच्या काचेवर, चाळिसाच्या आकड्यावर अंगठा ठेवायचे. म्हणायचे, काटा ह्याच्यापुढे गेला तर तुझी आई मला जेवायला घालणार नाही."

मिस्त्री हसला नाही. त्याने साबणाने दोनदा हात धुतले, हेडलाइटचा डूम उतरवला, सीलबंद डबीतला बल्ब फडक्यात धरून बसवला. झोत बघायला शटर खाली ओढलं. खटका दाबला.

समोरच्या भिंतीवर उजेडाचा गोल पडला. गोलाच्या मधोमध एक काळपट डाग.

बल्ब काढला. काचेवर अंगठ्याचा ठसा होता, भाजून बसलेला.

"हात लागला असेल," पुतणी म्हणाली.

"माझा? केस पांढरे झालेत, डोकं अजून शाबूत आहे."

स्पिरिटने पुसला. जाईना. दुसरी डबी फोडली, पुन्हा फडकं, पुन्हा खटका. भिंतीवर तोच डाग. आता त्याने बल्ब डोळ्यांजवळ नेला. ठशातून एक बारीक रेघ तिरकी गेली होती. त्याने स्वतःचा अंगठा पाहिला. त्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

चेनमध्ये सापडून अंगठा तिरका चिरला होता तो धाकट्याचा. टाके घालताना हात मिस्त्रीनेच धरून ठेवला होता.

तो जमिनीवर बसला.

"त्या दिवशी तुझ्या बाबाला घाई होती," तो म्हणाला. "फडकं सापडेना. मी ग्रीसच्या हातानेच बल्ब बसवला. अंधारात वळणावर तो फुटला. तुझ्या आईला मी सांगितलं, माल खोटा निघाला."

पुतणीने खाली पडलेलं फडकं उचललं. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवून कंटाळून निघून गेलं.

"हे सांगायला सहा वर्षं लागली?"

"लागली."

"आईला तूच सांगायचं. आज."

"सांगतो."

तिने डोळे पुसले आणि फडकं त्याच्या हातात दिलं. "मग आता माझा नीट बसव."

तिसरा बल्ब बसला. भिंतीवरचा गोल स्वच्छ होता.

मग मीटर. मागचं रबर ओढून त्याने दोन चिमुकले जळके बल्ब उपसले, नवे खोचले. आकडे उजळले. काच त्याने आपल्या हाताने पुसली. नितळ होती.

पुतणी चक्कर मारायला गेली. परतली ती जराशी गोंधळून.

"दिवा झकास. पण गाडी चाळीसच्या वर जात नाही, काका. मूठ पुरती पिळली तरी नाही. इंजिन मात्र कुरकुरसुद्धा करत नाही."

मिस्त्रीने केबल पाहिली, कार्बोरेटर पाहिला. सगळं ठीक. मग तो मीटरवर वाकला आणि तळव्याने ऊन अडवलं.

आतल्या नव्या उजेडात चाळिसाच्या आकड्यावर अंगठ्याचा ठसा दिसत होता, मधून तिरकी रेघ गेलेला. त्याने फडक्याच्या कोपऱ्याने हलकेच पुसला. मग थोडा जोर लावून.

ठसा काचेच्या आतून होता.