शांततेचं रेकॉर्डिंग

माझं काम फक्त बसायचं होतं. माझी नात आर्या अकरावीत आहे. शाळेत तिने फिल्मचा विषय घेतलाय आणि परीक्षेसाठी तिला एका थरारपटाची नुसती सुरुवात करून द्यायची होती. पुढची गोष्ट नसतेच. नुसती भीती सुरू करून सोडून द्यायची, हे मला आधीपासूनच विचित्र वाटत होतं. शिवाय शेवटी काय जमलं, काय फसलं, यावर प्रत्येकाने चिंतन करायचं. ‘आबा, तूही सांगायचं. तू लीड ॲक्टर आहेस,’ ती म्हणाली. मी चार वाक्यं सांगितली. उरलेलं इथे सांगतोय. ते खरं आहे की म्हातारपणाचा खेळ, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

शुक्रवारी, इथल्या आखाती सुट्टीच्या दिवशी, दुपारी आम्ही शहरातल्या मिरकाबहून तेलकंपनीच्या अहमदी गावाला गेलो. तिथल्या जुन्या स्टाफ क्वार्टर्सपैकी एक घर रिकामं होतं. आर्याची मैत्रीण बुशरा, तिचे वडील उस्मानभाई मूळचे रत्नागिरीकडचे. त्या घरांची देखभाल त्यांच्याकडे आहे, म्हणून परवानगी मिळाली.

‘काका, लाइट नाय हां,’ कुलूप काढत ते म्हणाले. ‘एसी पण बंद. घाम आला तर पुसू नका, पोरींना तसाच पायजे.’

बाहेर धुळीचं वादळ उठलं होतं. खिडक्यांतून हळदीच्या पाण्यासारखा उजेड येत होता आणि पाऊस नसताना घरभर मातीचा वास होता. आतल्या खोलीत एक पलंग, त्यावर पांढरी चादर आणि शेजारी एक खुर्ची.

‘बेडवर कुणी नाहीये, आबा. पण बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की आहे. तू ॲक्टिंग करू नकोस. जस्ट बस.’

तिला कल्पना नव्हती, की नेमकं तेच मला करू दिलं नव्हतं. माझी बायको सुजाता गेल्या वर्षी इथल्याच एका हॉस्पिटलात वारली. छातीत पाणी झालं होतं. वॉर्ड बायकांचा, त्यामुळे भेटीची वेळ संपली की पुरुषांनी बाहेर. नियम सगळ्यांना सारखाच होता, कुणाला दोष द्यावा असं काही नव्हतं. मी खाली गाडीत बसून राहिलो. ती पहाटे गेली. शेवटी ती जागी होती का, तिने मला हाक मारली का, हे कुणालाच सांगता आलं नाही. तेव्हापासून हा एकच प्रश्न घेऊन मी जगतोय.

म्हणून मी बसलो. बहुधा बरा बसलो असेन, कारण आर्याने दुसरा टेक मागितला नाही.

शॉट संपल्यावर ती म्हणाली, ‘आता रूम टोन. कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. आबा, तू तिथेच थांब.’ रिकाम्या खोलीलाही स्वतःचा आवाज असतो. तो टिपून ठेवतात आणि नंतर सगळ्या दृश्यांखाली अंथरतात. मी जन्मभर कॉलेजात ध्वनिशास्त्र शिकवलं, मला ही कल्पना आवडली. कॅमेराही चालूच राहिला होता. बुशरा हेडफोन लावून ऐकत होती. मध्येच तिने माझ्याकडे पाहिलं. मग पलंगाकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

आर्याने ‘कट’ म्हटल्यावर तिने हेडफोन काढले.

‘आबा, तुम्हाला दमा आहे?’

‘नाही.’

‘मग श्वास... कुणाचा?’

‘वारा असेल,’ मी म्हणालो.

घरी आल्यावर आर्याने मला ऐकवलं. आत घेतलेला श्वास, आणि सोडताना शेवटी बारीक शीळ. त्या शिळेवर मी सुजाताच्या शेवटच्या महिन्यांत रात्री जागून काढल्या होत्या. मी स्वतःला समजावलं, की फटीतून वारा गेला की असा आवाज होतो. शिवाय दुःखी माणसाचा कान हा जगातला सर्वांत वाईट मायक्रोफोन. हे मी वर्गात सांगत असे आणि मुलं हसत.

‘नॉइज आहे, काढते,’ आर्या म्हणाली.

‘राहू दे ना.’

‘का? मार्क्स जातील.’

 तिने माझ्याकडे पाहिलं. ‘ओके. ओरिजिनलची कॉपी ठेवते तुला.’ मग तिने श्वासाचा एक तुकडा निवडून लॅपटॉपला दाखवला. तसा आवाज जिथे असेल तिथून तो पुसला जातो.

श्वास पुसला गेला. त्याच्याखाली माझा आवाज होता.

‘अगं, झोप आता. मी आहे इथंच.’

मग थोडा वेळ काहीच नाही. समोरचं माणूस काही विचारतं, तेवढा वेळ. आणि पुन्हा माझा आवाज, समजूत घालावी तसा.

‘लगेच नको. आर्याचं होऊ दे.’

‘आबा, यार,’ आर्या हसली. ‘रूम टोनमध्ये गप्प बसायचं असतं. कुणाशी गप्पा चालल्या होत्या?’ बोलता बोलता तिने चित्र मागे नेलं. पडद्यावर मी खुर्चीत बसलो होतो, ओठ मिटलेले. तिने पुन्हा मागे नेलं. मग आवाज बंद केला.

‘आवाज-चित्राचं सिंक गेलंय,’ ती हळूच म्हणाली. ‘दुसरीकडचा ऑडिओ असेल.’

‘असेल.’

मी घाबरायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्या रात्री मला वर्षभरात पहिल्यांदा गाढ झोप लागली. सुजाता एकटी नव्हती. निदान कुठेतरी, कुठल्यातरी खोलीत, नव्हती.

काल आर्या शाळेतून आली आणि दप्तर सोफ्यावर टाकून म्हणाली, ‘डन, आबा. सबमिट केलं. झालं माझं.’ मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. शाबास म्हणालो. मग माझ्या खोलीत आलो. कोपऱ्यातून बारीक शीळ येत होती. एसीच्या जाळीतून कधीकधी येते. मी एसी बंद केला. शीळ चालूच राहिली.

दाराबाहेरून आर्याने विचारलं, ‘आबा, जेवायला येतोयस ना?’

‘तुम्ही घ्या जेवून, बाळा. मी बसतो जरा हिच्यापाशी.’

तिची पावलं थबकली. मग सावकाश परत गेली.

मी अजून तोंड उघडलं नव्हतं.