उजवा स्पीकर

हे ज्याच्यासोबत घडलं तो माझा सख्खा मावसभाऊ आहे. आनंदराज. आजही लातूरला राहतो, आजही गिटारचे क्लास घेतो. त्यानं जसं सांगितलं तसंच लिहितोय. पटलं तर पटलं.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. सगळं घडलं ते भर दुपारी, मागच्या उन्हाळ्यात, अक्षय तृतीयेच्या पुढच्या आठवड्यात.

घराच्या पुढच्या खोलीत त्याचा क्लास, मागं स्वयंपाकघर. मध्ये फक्त एक पडदा.

आनंदराजला फार दिवसांपासून स्टिरिओ अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, हवा होता. त्याचा जुना अ‍ॅम्प मोनो. गिटारचा आवाज एकाच जागेवरून यायचा, सरळ, कोरडा. स्टिरिओला स्पीकर दोन. डाव्यातून गिटार जशी वाजवली तशी, आणि उजव्यातून तीच गिटार, पण केसभर उशिरा. त्या केसभर फरकामुळं माणूस एकटा वाजवत असला तरी शेजारी बसून कुणीतरी साथ करतंय असं वाटतं.

त्याला तेच हवं होतं. साथ.

तसा अ‍ॅम्प नांदेड जिल्ह्यातल्या इस्लापूरला मिळाला. भागवत सर म्हणून एक शिक्षक होते, किनवट भागातल्या एका आश्रमशाळेत. ते दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या बायकोनं, शिवकन्याताईंनी, तो विकायला काढला होता. देताना त्या एवढंच म्हणाल्या की याची एकच बाजू चालते, तशीच वाजवा.

आनंदराजनं मान हलवली. मनात म्हणाला, दुरुस्त करून घेऊ.

लातूरला वीरण्णा नावाचे म्हातारे कारागीर आहेत, मूळचे निलंग्याकडचे. रेडिओच्या काळापासून हेच काम. त्यांनी मागचं झाकण काढलं. मग टॉर्च मारून दाखवलं.

उजव्या स्पीकरची वायर जळली नव्हती. उंदरानं कुरतडलीही नव्हती.

कुणीतरी ती कात्रीनं कापली होती... आणि दोन्ही टोकांवर काळी पट्टी गुंडाळली होती. एकदा नाही. दहा-बारा वेढे.

"सर, हे बिघडलेलं न्हाई," वीरण्णा म्हणाले. "हे बंद केलेलं हाय. जोडू का?"

आनंदराज म्हणाला, जोडा.

पहिले दोन दिवस तो नुसता खूश होता. खोली भरून जायची. त्याची बायको, सुकन्यावहिनी, पडदा सरकवून म्हणाल्या की दोन माणसं वाजवत असल्यासारखं वाटतं.

तिसऱ्या दिवशी उजव्या स्पीकरचा आवाज उशिरा येईना झाला. डावा आणि उजवा, दोन्ही एकाच वेळी.

त्याला वाटलं, काहीतरी सैल झालं असेल.

पाचव्या दिवशी दुपारी क्लास संपला. पोरं गेली. तो एकटाच वाजवत बसला होता. एक सूर उजवीकडून आला...

बोट अजून तारेला लागलं नव्हतं.

त्यानं हात उचलला. डावा स्पीकर गप्प झाला.

उजवा वाजतच राहिला.

तीच चाल, त्याचाच हात, त्याचीच सवय. पुढं, पुढं... तिसऱ्या ओळीला तार तुटल्याचा आवाज आला. टण्‌. मग एका माणसाचा दबका आवाज. "अरे..."

आवाज त्याचाच होता.

त्यानं गिटार पाहिली. सहाच्या सहा तारा जागेवर. भास झाला म्हणून त्यानं स्वतःची समजूत घातली आणि खात्री करायला तीच चाल पहिल्यापासून धरली.

तिसऱ्या ओळीला तार तुटली. बोटाला चाटून गेली.

"अरे," तो म्हणून गेला.

आणि तिथंच थिजला.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघून त्यानं इस्लापूर गाठलं. शिवकन्याताई ओसरीवर ज्वारी निवडत होत्या. त्यानं अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"जोडली ना वायर?" त्यांनी विचारलं.

तो पायरीवरच बसला. मग त्यांनी सांगितलं. सर शाळेत गेले होते, अ‍ॅम्प चालूच राहिला होता. त्या झाडून घेत होत्या. उजव्या बाजूनं बाईच्या रडण्याचा आवाज यायला लागला. आधी वाटलं, शेजारी काही झालं. जवळ जाऊन ऐकलं.

"माझं रडणं होतं, भाऊ. मी कोरड्या डोळ्यानं उभी, अन्‌ त्यातून मीच रडून राहिले."

आठव्या दिवशी सरांना शाळेतून जीपमध्ये आणलं. छातीत कळ येऊन गेले होते. त्या तशाच रडल्या. तेच शब्द, तोच दम लागणं. तेरावं झालं आणि त्यांनी कात्री घेतली.

फेकून का दिला नाही, असं आनंदराजनं विचारलं.

"त्यांची आवडती वस्तू होती. डाव्या बाजूनं कुणाचं काय वाईट केलं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आनंदराज लातूरला पोचला. घरात कुणी नव्हतं. वहिनी मुदखेडला माहेरी गेल्या होत्या. त्यानं अ‍ॅम्पचं झाकण उघडलं, कटर हातात घेतला, वायर दोन बोटांत धरली.

तेवढंच करायचं होतं. कापायची.

पण मनात एक कीड वळवळली. एकदाच. नुसतं ऐकायचं.

गिटार भिंतीला टेकलेली होती. तिची केबलसुद्धा लावली नव्हती. त्यानं बटण दाबलं.

डावीकडं काहीच नाही.

उजवीकडून... पंख्याची करकर.

त्यानं वर पाहिलं. खोलीतला पंखा बंद होता.

मग कुकरची शिट्टी. रिकाम्या घरात. मग त्याच्या स्वतःच्या मोबाइलची रिंग... मोबाइल त्याच्या खिशात होता. गप्प.

मग सुकन्यावहिनींचा आवाज.

"हॅलो... हाव, मी त्यांची बायको बोलून राहिले."

थोडा वेळ काहीच नाही.

"कुठं?"

आणि स्टीलचं भांडं पडलं. फरशीवर गोल गोल फिरत राहिलं... हळू होत होत थांबलं. मागं पंखा करकरतच होता.

त्यानं वायर कापली. नुसती कापली नाही, स्पीकरच मुळापासून उपटला. संध्याकाळी सगळं वीरण्णांच्या दुकानात नेऊन टाकलं. वहिनींना त्यानं आजवर सांगितलेलं नाही.

मला हे कसं कळलं, तेही सांगतो.

दिवाळीत मी लातूरला गेलो होतो. पुढच्या खोलीत आम्ही दोघं जेवायला बसलो होतो. वर पंखा चालू होता. आनंदराजचा फोन चार्जिंगला लावलेला, तो वाजला. वहिनींनी उचलला.

"हाव, मी त्यांची बायको बोलून राहिले."

आनंदराजचा घास हातातच राहिला. चेहरा पांढराफटक.

गॅस एजन्सीवाला होता. पुस्तकाचं काहीतरी राहिलं होतं. वहिनी हसतच फोन ठेवून आत गेल्या.

जेवण झाल्यावर मी खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यानं हे सगळं सांगितलं. मी म्हणालो, अरे मग हाच तो फोन. झालं. टळलं. आता सोड.

त्यानं मान हलवली.

"तिनं 'कुठं' विचारलं न्हाई," तो म्हणाला. "अन्‌ भांडं पडलं न्हाई."

आत वहिनी धुतलेली भांडी पुसून फळीवर लावत होत्या. एकेक. ताट, वाटी, तांब्या.

भांडं फळीला लागल्याचा आवाज आला की तो डोळे मिटून घ्यायचा.