बेचाळिसावं गॅरेज

आधीच सांगते. ज्यांना 'हे सगळे मनाचे खेळ' असं वाटतं, त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. महिन्यापूर्वीपर्यंत मलाही तसंच वाटायचं.

पण हे माझ्या घरात घडलंय. मी तिथे होते. पदरचं काहीच घातलेलं नाही, उलट दोन गोष्टी गाळल्यात, कारण त्या लिहिताना हात थांबतो.

आणि रात्रीचे बारा वगैरे अजिबात नाही बरं का! शनिवार होता. दुपारचे सव्वातीन. लख्ख ऊन. तिसरा मजला, आमची मागची खोली, खिडकीखालची भिंत.

आता पहिल्यापासून सांगते.

मी नववीत आहे. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज फुटायचा नाही. मग हस्तकलेच्या तासाला मी एक स्टूल बनवलं. आमच्या हस्तकलेच्या बाई अंगाने चांगल्या भरभक्कम आहेत. त्या अख्ख्या वर्गासमोर त्या स्टुलावर चढून उभ्या राहिल्या.

स्टूल जागचं हललं नाही!

त्या दिवसापासून मी जरा हवेतच होते. करवत मला येते. ड्रिल मला येतं. कानस मला येते. विचारा काय ते!

माझी धाकटी बहीण पाच वर्षांची. घरात सगळे तिला 'ड्रायव्हर' म्हणतात. तिच्याकडे एक्केचाळीस खेळण्यातल्या गाड्या. चपलेत गाडी, बादलीत गाडी, उशीखाली गाडी. आणि उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडाने एकच धोशा. भुर्रर्र... ची... आणि मग ओरडून, "उतरा, उतरा! शेवटचा स्टॉप!"

बाबा पोस्टमन आहेत. आयुष्यभर लोकांच्या दारात पत्रं पोचवली. पण एका सकाळी स्वतःच्या स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत काही पोचले नाहीत. लाल ट्रकवर पाय पडला. घोटा भोपळ्यासारखा सुजला.

आई दवाखान्यात नर्स. पट्टी बांधता बांधताच तिने फर्मान काढलं.

"रविवारपर्यंत या गाड्यांना जागा झाली पाहिजे. नाहीतर सगळ्या पोत्यात घालून माळ्यावर."

"आणि मला?" बाबा कण्हत म्हणाले.

"तुम्हालाही. एकाच पोत्यात मावाल."

ड्रायव्हरने भोकाड पसरलं. मी म्हटलं, "गप गं! ताई आहे ना तुझी."

मामा प्लंबर आहे. त्याच्याकडून अडीच इंची पाइपचे उरलेले लांब तुकडे आणले. नवे कोरे, कुठल्याही घरातून उपटलेले नाहीत. हे मुद्दाम सांगतेय, कारण नंतर सगळे पहिलं तेच विचारतात. मामानेच शिकवलं, पाइपभोवती कागदाची पट्टी घट्ट गुंडाळायची, कडेला कड जुळली की पेन्सिल फिरवायची. रेघ सरळ, म्हणजे काप सरळ.

दहा दहा सेंटिमीटरचे तुकडे कापले. कडा कानशीने घासल्या. सोल्युशन लावून एकाला एक चिकटवले, सुकेपर्यंत कपड्यांचे चिमटे लावून ठेवले. मागून प्लायवूडची फळी. एका रांगेत सात, अशा सहा रांगा. मधमाश्यांचं पोळंच जणू! प्रत्येक भोक म्हणजे एक गॅरेज.

रविवारी संध्याकाळी ते खिडकीखाली भिंतीला टेकवून ठेवलं. ड्रायव्हर एक एक गाडी आत घालत गेली. शेवटी खालच्या रांगेतलं कोपऱ्यातलं एक भोक रिकामं राहिलं. सहा साती बेचाळीस, गाड्या एक्केचाळीस.

"ताई, हे कुणाचं?"

खरं म्हणजे रांग पुरी दिसावी म्हणून केलेलं. पण मी खुशीत होते. सहज बोलून गेले.

"असू दे गं. येईल कुणीतरी."

बुधवारी दुपारी मी पलंगावर बसून गणितं सोडवत होते. ड्रायव्हर जमिनीवर तिच्या गॅरेजपुढे. तिने एक निळी जीप आत ढकललेली मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिली.

घर्र्र्र...

छोट्या चाकांचा आवाज. मी पुढच्या गणिताकडे वळले.

घर्र्र्र्र्र...

गणित अर्धं झालं. आवाज चालूच.

लांब जात होता... अजून लांब... आणि मग कुठेतरी खूप आत...

ठक.

पाइप दहा सेंटिमीटरचा आहे. मीच कापलाय.

"काय केलंस गं?"

"जीप पाठवली."

मी खाली वाकले. कोपऱ्यातलं भोक. रिकामं.

"कुठे गेली जीप?"

"त्याच्याकडे. तो पलीकडे असतो ना." आणि मलाच दटावलं, "थांब की! घाई करायची नाही. तो हळू आहे."

मी हसणारच होते. तेवढ्यात...

घर्र्र्र...

जवळ येणारा.

भोकातून निळी जीप बाहेर आली आणि ड्रायव्हरच्या गुडघ्याला लागून थांबली.

दिवे पुढे. तोंड आमच्याकडे.

जीप जाताना तोंड आत करून गेली होती. आणि त्या पाइपात सात सेंटिमीटरची गाडी वळूच शकत नाही. कुणीही, कसंही केलं तरी.

दुसऱ्या दिवशी मी डोकं दुखतंय म्हणून घरीच राहिले आणि ड्रायव्हर शाळेत गेल्यावर टॉर्च घेऊन बसले. आत हात घातला. बोटाला फळी लागली. माझीच फळी, तिच्यावर माझीच पेन्सिलीची खूण. पट्टीने मोजलं, दहा सेंटिमीटर. एक गाडी ढकलली. ठक! लगेच. अख्खं गॅरेज पुढे ओढून मागे पाहिलं. कोरी भिंत. भिंतीपलीकडे शेजारी नाहीत, बाल्कनी नाही. तीन मजले नुसती हवा.

बाबांना सांगितलं.

"शास्त्रज्ञबाई," बाबा पाय उशीवर ठेवून म्हणाले, "झोप पुरी होते का तुमची?"

ड्रायव्हर आल्यावर तिला म्हटलं, "मी ढकलली तर नाही गेली."

"तुला तो ओळखत नाही ना," ती म्हणाली. अगदी समजूत घातल्यासारखं.

त्या दिवशी मी गाड्या मोजल्या. अडतीस.

शुक्रवारी मला एक गोष्ट खटकत होती, पण काय ते सापडेना. जेवताना आईच म्हणाली, "आज घर किती शांत आहे."

आणि मग लक्षात आलं.

ड्रायव्हरचं भुर्रर्र नव्हतं.

सकाळपासून नव्हतं. कदाचित कालपासूनच. गाड्या फिरत होत्या, तोंड बंद.

"आवाज का नाही काढत गं?" मी विचारलं.

तिने खांदे उडवले. "त्याला दिला."

दुपारी ती पलंगावर गाढ झोपली. मी शेजारीच होते. तिचं तोंड उघडं होतं, छाती वरखाली होत होती. मी तिच्याकडेच बघत होते, म्हणून खात्रीने सांगते.

आवाज तिच्या तोंडून आला नाही.

भुर्रर्र...

खिडकीखालून.

भुर्रर्र... ची...

तिचाच आवाज. तोच किंचित बोबडा. गाडी थांबली. मी श्वास रोखून 'उतरा, उतरा'ची वाट पाहिली.

आणि आतून, अगदी हळू...

"चला... चढा."

आमची ड्रायव्हर कधीच 'चढा' म्हणत नाही.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही मोडून टाकलंस? बरोबर आहे. हेच मी स्वतःला रोज विचारते.

सोमवारी शाळेत प्रदर्शन होतं. बाईंनी गॅरेजचा फोटो पाहून सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "हिचं काम मधोमध ठेवायचं." माझं काम. मधोमध. आयुष्यात पहिल्यांदा. मी स्वतःशीच हिशेब मांडला की शनिवार, रविवार, दोनच तर दिवस. सोमवारी शाळेत नेते, तिथून परत आणतच नाही. तोवर त्या भोकात कापडाचा बोळा कोंबून ठेवते.

कोंबला. घट्ट.

शनिवारी आई कामावर. बाबा बाहेरच्या खोलीत घोरत होते. मी स्वयंपाकघरात बसून गॅरेजवर लावायला आकड्यांच्या चिठ्ठ्या कापत होते. एक ते बेचाळीस. छान रंगीत.

एकोणतिसावर आले तेव्हा जाणवलं...

मागच्या खोलीत काहीच आवाज नाही. गाडी सरकल्याचासुद्धा.

मी हाक मारली. "ड्रायव्हर?"

कात्री खाली ठेवली.

मी गेले.

कापडाचा बोळा जमिनीवर होता. नीट घडी घातलेला.

ड्रायव्हर पोटावर पालथी पडली होती. गाल पाइपांना चिकटलेला. डोळे उघडे. माझ्याकडे बघून ती हसली.

तिचा उजवा हात त्या भोकात होता.

मनगटापर्यंत नाही. कोपरापर्यंत नाही.

खांद्यापर्यंत.

दहा सेंटिमीटरच्या पाइपात.

मी किंचाळले की नाही, आठवत नाही. तिला कमरेला धरून मागे ओढलं. ती आली नाही. कुणी आत खेचत होतं असंही नाही. ते वेगळंच होतं... कुणीतरी नुसतं धरून ठेवलं होतं. रस्ता ओलांडताना मोठी माणसं लहानांचा हात धरतात ना... तसं. काळजीने.

"सोड!" मी ओरडले. "माझी आहे ती! सोड तिला!"



मग हात सुटला. आम्ही दोघी मागे कोलमडलो.

तिचा हात बर्फासारखा गार होता. बोटांपासून खांद्यापर्यंत. त्याच्यावर ना ओरखडा, ना वळ.

मी हातोडा आणला. माझ्या सगळ्यात सुंदर कामावर मीच घाव घातले. पाइप फुटले, फळीचे दोन तुकडे झाले. आत काही नव्हतं. फळीला भोक नव्हतं. भिंतीला साधी भेगही नव्हती. हरवलेल्या तीन गाड्या मिळाल्या नाहीत, अजून मिळालेल्या नाहीत. आवाजाने बाबा लंगडत आले आणि दारातच उभे राहिले. त्यांनी ड्रायव्हरचा हात हातात घेतला मात्र... आणि त्यानंतर मला एकदाही शास्त्रज्ञबाई म्हणाले नाहीत.

तुकडे त्याच संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीत गेले. सोमवारी प्रदर्शनात मधोमध कुणाचा तरी कागदी दिवा होता. मला काही वाटलं नाही. खरंच.

चार दिवसांनी ड्रायव्हरचा आवाज परत आला. भांडते, जेवते, शेंगा सोलताना मध्येच भुर्रर्र करते. आईने डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले ठणठणीत आहे. मीही तसंच धरून चालले.

फक्त एक गोष्ट मला कुरतडत होती. मी गॅरेज फोडत असताना ती रडली नव्हती. एका चाकासाठी तासभर रडणारी ही पोरगी! शेवटी गेल्या आठवड्यात वेणी घालताना विचारलंच.

"का रडू?" ती म्हणाली. "तो म्हणाला, हे छोटंच होतं. ताई आता मोठं बनवणार आहे."

मी वेणी अर्धी सोडून उठले. बाबांच्या फोनवरून मामाला फोन लावला. म्हटलं, तुझी करवत, कानस, सगळं घेऊन जा. मला नको.

"असं कसं?" मामा म्हणाला. "आणि मग तो मोठा पाइप कशाला मागवलास?"

"कुठला पाइप?"

"अगं, तूच नाही का फोन केलास? जमिनीखाली घालतात तो, सगळ्यात जाड. दोन दुकानं पालथी घातली तुझ्यापायी! आत्ताच पोरांनी तुमच्या जिन्याखाली उतरवून ठेवलाय. काय बनवतेयस एवढं? आपली ड्रायव्हरसुद्धा आरामात मावेल त्यात." आणि तो मोठ्याने हसला.

"मामा... कधी केला मी फोन?"

"त्या शनिवारी. दुपारी."

मी बाबांच्या फोनमध्ये शोधलं. आहे. शनिवार, तीन वाजून वीस मिनिटं. दोन मिनिटांचं बोलणं. तीन वीसला माझ्या दोन्ही हातांत हातोडा होता. बाबा माझ्यासमोर दारात उभे होते. ड्रायव्हर जमिनीवर बसून बघत होती.

"आवाज कुणाचा होता, मामा?"

तो जरा गोंधळला. "तुझाच. अजून कुणाचा?"

पाइप जिन्याखाली उभा आहे. काळा. एक तोंड जमिनीला, एक वर. आईबाबा म्हणतात फेकून देऊ, पण तो तिघांना मिळूनही उचलत नाही. रोज शाळेत जाताना-येताना आम्हाला त्याच्यासमोरूनच जावं लागतं. मी ड्रायव्हरचा हात घट्ट धरते. ती सोडवून घेत नाही. फक्त तिथे आलं की तिची पावलं हळू पडतात आणि ती मान वाकडी करून ऐकते...

मी अजून काही ऐकलेलं नाही. मला तो ओळखत नाही ना.

मामा टेम्पो घेऊन रविवारी येतो म्हणालाय.

आज बुधवार आहे.